आई वाकली तेव्हा

"त्या खाली आहेतच, तर सांडलेला ज्यूसही पुसून घ्यायला सांग."

साहेब मला इंग्रजीत म्हणाला. खाली होती माझी आई. नुकतीच मी त्याला तिची ओळख करून दिली होती.

दुबईतल्या आमच्या ऑफिसचा फॅमिली डे. साहेबाची म्हातारी आई इंग्लंडहून आलेली, खुर्चीत बसलेली. वडीलधारं माणूस दिसलं की माझी आई पाया पडते. तशी ती वाकली. म्हातारीने दचकून पाय ओढून घेतले, हातातला ग्लास लवंडला. आणि साहेबाचं हे वाक्य.

आईला इंग्रजी येत नाही. पण बोट कुठे दाखवलंय ते कळतं. गावात तिने जन्मभर वरच्या आळीतली अंगणं झाडली. तिथे तिला पाणी वरून ओतायचे. तिने खोचलेला पदर सोडला आणि त्याने फरशी पुसायला लागली.

माझा व्हिसा कंपनीचा. अल नहदा भागातलं भाड्याचं घर, लेकीची शाळा, सगळं त्या व्हिसावर. साहेबाचं बिनसलं की खलास.

साहेब आपल्या आईला नावाने हाक मारतो. मला वाटायचं, गोऱ्यांत आईबापांना मान नसतो. खोटं होतं ते. तो गुडघे टेकून मायेने तिचे बूट पुसत होता. शेजारी माझ्या टीममधली चिनी मुलगी, लिन, वडिलांना दोन्ही हातांनी चहा देत होती. ते घोट घेईपर्यंत ती स्वतःच्या कपाला हात लावत नाही. तिने सगळं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मान सगळ्यांकडे होता. ज्याच्या त्याच्या आईबापापुरता. माझ्या आईच्या वाट्याला फरशी.

मी आईचा दंड धरून तिला उठवलं. ती पुटपुटली, "राहू दे गं, साहेब रागावंल."

"शी इज माय मदर," मी म्हणाले. "शी विल नॉट क्लीन." आवाज चिरकला. सगळा हॉल आमच्याकडे बघत होता.

सोमवारी एचआरने बोलावलं. पाहुण्यांसमोर आवाज चढवला म्हणून लेखी माफी मागायची, नाहीतर कॉन्ट्रॅक्टचा विचार करावा लागेल. एचआरची बाई मुंबईचीच. हिंदीत समजावत होती, "सॉरी लिख दो, बात खतम." मी एक दिवस मागून घेतला.

घरी आई माझ्याकडे बघेना. माझं तिकीट काढ, मी जाते, तुझ्या पोटावर पाय नको, एवढंच म्हणत राहिली. लेक तिला चिकटून बसली होती. "आजी डिड नथिंग राँग, मम्मा."

मला भीती वाटते. खूप वाटते. सामान बांधलेलं घर डोळ्यांसमोरून हलत नाही. पण माफी मी लिहिणार नाही. उद्या जाऊन सांगणार, माफी साहेबाने मागायची, माझ्या आईसमोर उभं राहून. नोकरी घ्यायची तर घ्या.

भिऊन वाकणं आईला तिच्या आईकडून मिळालं, मला तिच्याकडून. माझ्या लेकीला ते माझ्याकडून मिळणार नाही.