नाचायचा कपडा

सुरतेत कापड विणणारे, रंगवणारे, विकणारे पैशाला पासरी मिळतील. पण कापड आधी नाचवून मग विकत घेणारा माणूस अख्ख्या शहरात एकच, माझ्या बायकोचे मामा. लिंबायतमध्ये, म्हणजे सुरतेतल्या आमच्या खानदेशी वस्तीत, कुणाचंही लग्न ठरलं की बायका खरेदीला मामांना पुढे घालून नेतात. मामा ठाण उलगडायला लावतात, कापड खांद्यावर टाकतात आणि दोन्ही हात वर करून भर दुकानात गिरकी घेतात. मग उकिडवे बसून उठतात. चमचमणारी नेट कोपराच्या आतल्या बाजूला घासून बघतात आणि लाल चट्टा उठला की तो दुकानदाराच्या नाकासमोर धरतात. एकदा एक शेठ वैतागून म्हणाला, "काका, आ कापड छे, घोडो नथी." मामांनी आनंदाने मान डोलावली. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले आहेत, त्यामुळे कुठल्याच शेठचं बोलणं त्यांना लागत नाही.

जन्मभर पॉलिएस्टर विणलं, पण नाचायला ते अंगावर घेणार नाहीत; घाम आतल्या आत शिजतो म्हणतात. माझ्या लग्नात मी हट्टाने चकचकीत, तंग सूट शिवला, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "जवाईबापू, ज्या कपडामा नाचता येत नही, तो कपडा काय कामना?" मी हसण्यावारी नेलं. वरातीत तिसऱ्याच गाण्याला पँटचं आसन टर्रकन उसवलं. मामांनी खांद्यावरचा सुती पंचा माझ्या कमरेला गुंडाळला आणि मला पुन्हा गर्दीत ढकललं. सासुरवाडीत माझी जी काही कीर्ती आहे, ती त्या पंच्यातल्या नाचाची!

स्वतः मामा तर वरातीचा प्राणच. पण दोन वर्षांपूर्वी एका वरातीत बँड थांबला तरी ते डोळे मिटून नाचतच राहिले, आणि पोरांनी हसत हसत त्याचा व्हिडिओ काढला. त्या दिवसापासून मामा नाचायचे बंद झाले. लोकांच्या पर्स आणि चपला सांभाळत खुर्चीत बसायचे. मला ते बघवत नसे.

गेल्या वैशाखात त्यांच्या एकुलत्या लेकीचं लग्न निघालं. तिने जाहीर केलं की पप्पा नाचले नाहीत तर ती हळदच लावून घेणार नाही. मामा ऐकू न आल्यासारखे खाली बघत बसले. मात्र तिच्या ओढणीसाठी त्यांनी आम्हाला दिवसभर बाजारात फिरवलं. अखेर एक पिवळी मलमल पसंत पडली: हाताला लोण्यासारखी मऊ, आणि दोन टोकं धरून ओढली तरी जराही न विरणारी.

हळदीला डीजेचा दणका सुरू झाला. लेक उठली, थेट मामांच्या खुर्चीपाशी गेली, ओढणीचं एक टोक त्यांच्या मुठीत दिलं, दुसरं स्वतःच्या हातात धरलं आणि ठेक्याठेक्याला हलकासा हिसका देऊ लागली. मामांनी डोळे मिटले. आधी बोटं हलली, मग खांदे, मग पाय. आणि मग काय विचारता! मामा बसून नाचले, उठून नाचले, व्याह्यांना ओढून नाचले, आणि एक ठेका चुकला नाही. गाणं संपलं, लेकीने हात सैल सोडला, तसे मामा जागच्या जागी थांबले. मी शिट्ट्या मारत होतो आणि डोळेही पुसत होतो.

लेक आता धुळ्याला असते. परवा शेजारच्या हळदीत मामा पुन्हा खुर्चीत दिसले. मला राहवलं नाही. मी माझ्या रुमालाचं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कापड चिमटीत चोळून पाहिलं, पास केलं आणि उठले. माझं ठेक्याचं ज्ञान यथातथाच. बँड एकीकडे आणि आम्ही दोघं भलतीकडेच. लोक हसत होते, मी मात्र जीव तोडून रुमाल ओढत होतो. थोड्या वेळाने मामा माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "जवाईबापू, पोरगी हळू ओढे."