ग्रंथपालांच्या संघटनेत मी उभी राहिले तेव्हा

आमच्या संघटनेतले किस्से मी मुद्दाम कधी गोळा केले नाहीत. प्रत्येक सभेतून परत येताना एखादा पर्समध्ये पडलेला असायचाच. पण ज्या वर्षी मी अध्यक्षपदाला उभी राहिले, त्या वर्षी पर्सची चेन लागेना.

संघटना सातारा-सांगलीतल्या कॉलेज ग्रंथपालांची. मी कराडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. चौदा वर्षं संघटनेची सहसचिव होते, म्हणजे नोटीस काढणं, हॉल बघणं, खुर्च्या लावून घेणं आणि इतिवृत्त लिहिणं. अध्यक्ष साताऱ्याचे देसाई सर. सर नोकरीतून रिटायर झाले, अध्यक्षपदातून व्हायचे राहिले.

आमचं मुख्य दुखणं रिकाम्या जागांचं. ग्रंथपाल रिटायर झाला की जागा भरतच नाहीत. जतच्या कोळेकर मॅडम एकट्या दोन कॉलेजांच्या लायब्रऱ्या सांभाळतात, तीन दिवस इकडे, तीन दिवस तिकडे. शिक्षण खात्याला निवेदन द्यायचं असं दरवर्षी ठरायचं, मी दरवर्षी ते लिहून ठेवायचे, आणि निवेदन काही जायचं नाही. विचारलं की सर म्हणायचे, योग्य वेळ आली की देऊ.

शेवटी एका सभेत मी उठले आणि सांगितलं, यंदा अध्यक्षपदाला मी उभी राहतेय. देसाई सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि अगदी काळजीनं विचारलं, "मग इतिवृत्त कोण लिहिणार?"

* * *

अर्जावर एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. सूचक कोळेकर मॅडम झाल्या. अनुमोदक म्हणून सांगलीच्या जाधव सरांनी हसतमुखानं सही दिली, वर चहाही पाजला.

दोन दिवसांनी छाननीत कळलं की देसाई सरांच्या अर्जावरही अनुमोदक जाधव सरच! एका माणसाला दोघांना अनुमोदन देता येत नाही, त्यामुळे दोन्ही अर्ज अडकले. संध्याकाळपर्यंत दुसरी सही आणा, असं निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलं.

मी तणतणतच जाधव सरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, मला तुम्हालाही नाही म्हणवेना आणि सरांनाही नाही म्हणवेना. यात माझं काय चुकलं ते सांगा."

मी फोन ठेवला. स्कूटर काढली आणि भर उन्हात पलूसला जाऊन दुसरी सही आणली.

* * *

मग प्रचार. सांगलीतल्या एका कॉलेजात गेले तर तिथले ग्रंथपाल पवार सर जागेवर नाहीत. शिपाई म्हणाला, "सायब रजेवर हायती. घरची हळद आलीया सौद्याला."

रिक्षा करून मार्केट यार्डात गेले. पवार सर पोत्यांच्या मधे उभे होते. मी त्यांच्या हातात पत्रक दिलं. वर माझा फोटो, खाली रिकाम्या जागांचा मुद्दा. दहा मिनिटं पोटतिडकीनं बोलले. त्यांनी मान डोलावत सगळं ऐकलं आणि मत तुम्हालाच असं दोनदा सांगितलं. तेवढ्यात व्यापाऱ्यानं त्यांना हाक मारली. सरांचे दोन्ही हात पिवळे झालेले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, हात माझ्या पत्रकाला नीट पुसले आणि गेले.

लग्नानंतर मला दुसऱ्यांदा हळद लागली ती अशी.

* * *

मतदानाला आठवडा उरला असताना संघटनेतली दोन ज्येष्ठ मंडळी माझ्या लायब्ररीत आली. अर्ज मागे घ्या म्हणाले, उगीच दोन गट पडतात, तुम्हाला कार्याध्यक्ष करू. मी विचारलं, कार्याध्यक्षाला काम काय असतं? दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"काम असं नाही," त्यातले एक म्हणाले. "मान असतो. सभेत पहिल्या रांगेत खुर्ची."

त्या रांगा चौदा वर्षं मीच लावतेय, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं.

घरी आल्यावर हे सासऱ्यांना सांगितलं. ते फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, आता ऊस बघतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या फौजेत रिटायर झालं की बिल्ला काढून द्यावा लागतोय. तुमच्यात न्हाई व्हय?"

* * *

मतदान पाचगणीला, एका निवासी शाळेच्या हॉलमध्ये. कोळेकर मॅडम पहाटे निघून, तीन एसट्या बदलून आल्या. दुपारी मोजणी झाली. एकदा झाली, मग परत झाली, आणि अधिकाऱ्यांनी जाहीर केलं की मी एका मतानं निवडून आले.

जेवणाच्या रांगेत जाधव सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. कानाजवळ वाकून म्हणाले, "मॅडम, ते एक मत माझं बरं का."

मी आभार मानले. भाजी वाढून घेईपर्यंत पवार सर आले. तेही हेच म्हणाले. मग ते कार्याध्यक्षवाले, दोघेही, पण वेगवेगळे येऊन, दुसरा ऐकत नाही ना ते बघून. ताट रिकामं होईपर्यंत अकरा जण झाले. या सगळ्यांनी मला मत दिलं असतं तर एका मताचा प्रश्न आलाच नसता, हे एकाच्याही डोक्यात येत नव्हतं. आभार मानून मानून माझे गाल दुखायला लागले.

हात धुवायला बेसिनपाशी गेले तर शेजारच्या नळावर देसाई सर. मी म्हणाले, सर, मनात काही ठेवू नका. त्यांनी हात धुतले, रुमालानं एकेक बोट पुसलं, रुमालाची घडी खिशात ठेवली आणि मागे कोणी नाही ना ते बघितलं.

"मॅडम," ते म्हणाले, "ते एक मत माझं होतं."

आणि पायऱ्या उतरून साताऱ्याच्या गाडीत जाऊन बसले.