असलमभाईंनी कापलेलं आभाळ

एक काळ असा होता, की असलमभाईंचा हात लागल्याशिवाय जळगावातली कापसाची गाठ गावाबाहेर पडायची नाही. हात म्हणजे त्यांनी कापलेला छापा. पातळ पत्र्यात छिन्नीने व्यापाऱ्याचं नाव कोरायचं, पत्रा गाठीवर ठेवून वरून काळ्या रंगाचा कुंचला फिरवायचा आणि पत्रा उचलला, की नाव असं झळकायचं, जणू पडदा वर जाऊन राजाच समोर उभा राहिला! जळगावच्या पिंप्राळ्यात त्यांच्या ओट्यावरून जाणारे लोक नुसत्या टकटकीवरून सांगायचे, आज आत अक्षर चाललंय की आकडा.

चाळीस वर्षं ही टकटक चालली. मग छापील लेबलं आली आणि ती थांबली. असलमभाई खाटेवर बसले. खेळ बंद पडलेल्या कंपनीतला नट घरी बसतो ना, तसे. मुकुट उतरलेला, मान मात्र ताठ.

"दिवसभर भिंतीकडे काय बघता?" त्यांची बायको नूरबी विचारायची.

"रंग नीट लागला नाही हिला," असलमभाई सांगायचे.

त्यांची लेक नौशीन घरातच संगणकावर फोटो सुधारायचं काम करत असे. लग्नाचे अल्बम तर होतेच, पण तिची खरी ओढ होती डोंगर, नदी, शेत अशा मोकळ्या देखाव्यांच्या फोटोंची. धुळ्याचे जितेंद्र पाटील असे फोटो काढत आणि तिच्याकडे पाठवत. एके दुपारी ती केळीच्या बागेच्या फोटोशी झगडत होती. वाऱ्याने चिरफाळलेली पानं आणि मागे उन्हाने पांढरं पडलेलं आभाळ. आभाळ जरा गडद करायचं होतं, पण पानांना धक्का लागू द्यायचा नव्हता. संगणकाला सांगितलं की तो आपोआप निवड करायचा खरा, पण पानांच्या चिंध्या खाऊन टाकायचा आणि कडेला पांढरी किनार सोडायचा.

असलमभाई मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर काळं-पांढरं चित्र होतं.

"हे काय गं?"

"मास्क, अब्बा. पांढरं आहे तिथे बदल लागतो. काळं आहे तिथे लागत नाही."

असलमभाई पडद्याकडे वाकले. मग मोठ्याने म्हणाले, "अगं, मग हा छापाच की! कापलंय तिथून रंग जातो, पत्रा आहे तिथे अडतो. सरक तिकडे!"

सरकायला काही ती लगेच सरकली नाही. पण त्या दिवसापासून म्हातारा रोज तिच्या शेजारी बसू लागला. संगणकाला जोडलेल्या पाटीवर पेन कसं चालवायचं, चित्र आठ पट मोठं करून कड कशी तपासायची, फोटोतला निळा थर वेगळा काढला की हिरवं पान काळंभोर होऊन आभाळातून कसं उठून दिसतं, सगळं शिकला. सुरुवातीला त्यांची प्रत्येक कड छिन्नीने कापल्यासारखी यायची. नौशीन म्हणायची, "अब्बा, जवळचं पान धारदार असतं, पण लांबचा डोंगर धुरकट असतो. त्याची कडही धुरकटच हवी. तिथे काळं नको, पांढरं नको, राखाडी ठेवा." पत्र्याला राखाडी ठाऊक नसतं. असलमभाईंना ते गळी उतरायला दोन महिने लागले. पण एकदा उतरलं आणि पोरगी बघत राहिली. आपल्यापेक्षा अब्बांचा हात शांत आहे, हे तिने पहिल्यांदा आईला सांगितलं, तेव्हा नूरबीने नाक उडवलं. "मला काय सांगतेस? निकाह त्या हाताशीच केलाय मी."

आणि मग सोनगीरचा फोटो आला.

धुळ्याच्या एका सभागृहात जितेंद्रभाऊंचे बारा फोटो लागणार होते, दर महिन्याला एक, दहा फूट रुंद. पहिलाच सोनगीरचा. मागे किल्ला, पुढे शेताच्या बांधावर एक भलामोठा कडुनिंब, त्याच्या हजारो पानांतून डोकावणारं मे महिन्याचं फिकट आभाळ. "हा नीट झाला तर बाकीचे अकरा तुझे," जितेंद्रभाऊंनी नौशीनला सांगितलं होतं, "नाहीतर नाशिकला देतो." नौशीनकडे लग्नसराईचं काम तुंबलेलं. तिने निंबाचा मास्क अब्बांच्या हवाली केला.

नऊ दिवस असलमभाईंनी तो निंब कापला. पान न् पान, डहाळी न् डहाळी. नौशीनने पडद्यावर पाहिलं, खूश झाली, पाठवून दिलं.

चौथ्या दिवशी जितेंद्रभाऊ मोटारसायकलवरून स्वतः दारात. त्यांनी छापून आणलेला मोठा कागद ओट्यावर उलगडला.

"नौशीन, या झाडावर कोळ्याने जाळं विणलंय का गं?"

नौशीनने वाकून पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. आभाळ सुरेख गडद झालं होतं, पण पानापानांमधून केसाएवढ्या पांढऱ्या रेघा गेल्या होत्या. या पानापासून त्या पानापर्यंत, तिथून पुढच्या डहाळीपर्यंत. लहान पडद्यावर न दिसलेल्या, दहा फुटांवर नागव्या झालेल्या.

"माझी चूक आहे, भाऊ," ती म्हणाली. "मी तपासायला..."

"तिची नाही." असलमभाई खाटेवरून उठले. "मास्क मी कापलाय. आणि ह्या रेघा कशा आल्या, तेही मला ठाऊक आहे."

जितेंद्रभाऊ बघतच राहिले. "तुम्ही, चाचा?"

असलमभाईंनी फळीवरून एक जुना छापा काढला. "हा 'व' बघा. याच्या पोटातला तुकडा सुटा राहिला तर खाली गळून पडतो. म्हणून बारीक पट्टी सोडायची. आम्ही तिला जोड म्हणतो. चाळीस वर्षांत एक जोड विसरलो नाही मी." ते कागदाजवळ बसले. "आता हे पान बघा. चारी बाजूंनी आभाळ. आभाळ कापलं तर पान पडेल की नाही? हाताने आपोआप जोड सोडला, तेवढ्या पट्टीवर रंग अडला. सगळ्या झाडाला सोडलाय."

मग जितेंद्रभाऊंना हसू आवरेना. पण ते थांबले तेव्हा आवाज कोरडा होता. "चाचा, शनिवारी सभागृहात फोटो चढणार. आज सोमवार. मी काय करू?"

"गुरुवारी या," असलमभाई म्हणाले.

काम गेलं तर नौशीनचा शब्द जाणार, हे त्यांना कळत होतं. आणि आपण पुन्हा भिंतीकडे बघत बसणार, हेही. ते पेन घेऊन बसले. पहिला जोड समोर होता. हात पुढे जाईना. चाळीस वर्षांची सवय मनगट धरून बसली होती. शेवटी त्यांनी श्वास रोखला, पेन टेकवलं, ती रेघ पुसली आणि त्याच क्षणी त्यांचा डावा तळहात आपसूक टेबलाखाली गेला.

नूरबी दारात गहू निवडत होती. "खाली काय धरताय?"

"काही नाही."

"पान पडेल म्हणून?" आणि ती अशी हसली, की सुपातले गहू सांडले.

असलमभाईही हसले. पडद्यावर ते पान चारी बाजूंनी सुटं होऊन, कशाचाही आधार नसताना, आभाळात तरंगत होतं. पडलं नव्हतं! त्यांनी दुसरा जोड पुसला, तिसरा पुसला. शंभरावा पुसेपर्यंत डावा हात मांडीवर स्थिर झाला होता. जोड कुठे कुठे आहेत, ते शोधावं लागलं नाही. स्वतः सोडलेला प्रत्येक त्यांना पाठ होता.

बुधवारी काम पाठवलं आणि गुरुवारी जितेंद्रभाऊंनी नवा छापलेला कागद आणला, सोबत भिंग. ओट्यावर गुडघे टेकून त्यांनी निंब वरपासून खालपर्यंत पाहिला, मग किल्ल्याची धूसर कड पाहिली, मग पुन्हा निंब. नौशीन नखं खात होती. असलमभाई ताठ उभे.

"चाचा," शेवटी जितेंद्रभाऊ म्हणाले, "तुम्ही कुठे कापलंय, तेच सापडत नाही."

"मग?"

"मग काय! बाकीचे अकरा उद्या पाठवतो. आणि शनिवारी तुम्ही धुळ्याला यायचंय."

शनिवारी असलमभाई इस्त्रीचा सदरा घालून गेले. सभागृहात गर्दी. सोनगीरच्या फोटोसमोर तिथलाच एक शेतकरी, सुपडू महाजन, आपल्या शेतातल्या निंबाकडे बोट दाखवून दोन माणसांना सांगत होता, "हाऊ ते आमना वावरना निम शे!"

मागे उभ्या असलमभाईंकडे वळून त्याने विचारलं, "फोटू तुम्हीन काढा का, बाबा?"

"नाही. फोटो जितेंद्रभाऊंचा. मी यातलं झाड आणि आभाळ वेगळं केलं."

सुपडूने फोटोजवळ जाऊन नाक लावलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग असलमभाईंना वेड लागलंय की काय, अशा नजरेने मागे बघितलं.

"येगयं कोठे शे? बठ्ठं ते एकच शे!"

वेगळं कुठे, सगळं एकच, हे ऐकून असलमभाईंनी छाती भरून श्वास घेतला, आणि सुपडूच्या पाठीवर अशी शाबासकीची थाप मारली, की तो बिचारा दोन पावलं पुढे गेला.