बोटुकली उपाशीच न्यावी

"मॅडम, पानी गढूळ होऊन राहिलं!" गाडीच्या मागून मथुराबाई ओरडल्या.

साकोलीचा हायवे सोडून आम्ही नागझिऱ्याच्या कडेने जाणाऱ्या जंगलातल्या रस्त्यावर होतो. पिकअप एका बाजूला कलून उभी. टायर पंक्चर. ड्रायव्हर संजू जॅक लावायचा आणि जॅक चिखलात रुतायचा. दोन्ही बाजूंना आजोबांच्या आजोबांनी पाहिलेली साग आणि ऐनाची झाडं. एरवी मी फोटो काढत बसले असते.

मी मत्स्यबीज केंद्रावर मॅनेजर आहे. आम्ही माशांची पिल्लं वाढवून गावोगावच्या तलावांसाठी देतो. बोटाएवढी झाली की ती बोटुकली. प्लास्टिकच्या थैलीत थोडं पाणी, वर ऑक्सिजन, आणि तोंड घट्ट बांधायचं. ऑक्सिजन संपायच्या आत पोचायचं. मथुराबाई जंगलापलीकडच्या गावातल्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्ष. माल न्यायला त्या स्वतः आल्या होत्या, कारण त्यांच्या तलावातली वर्षभराची मासळी याच थैल्यांत होती.

मी एक थैली उचलून पाहिली. पाणी खरंच गढूळ, आणि बोटुकली वर येऊन तोंडं उघडत होती. प्रवासाआधी आम्ही त्यांना मुद्दाम उपाशी ठेवतो, म्हणजे वाटेत ती पाणी घाण करत नाहीत. मग ही घाण आली कुठून?

"मावशी, पॅकिंगच्या आधी यांना काही घातलंत का?"

मथुराबाईंनी पदर सावरला. "मूठभर कोंडा टाकला जी. लेकरायले उपाशीपोटी घरून काढते काय कोनी?"

"अहो, मीच त्यांना उपाशी ठेवलं होतं!"

"तुमी पोहे खाऊन बसल्या. मी बी उपाशी, ते बी उपाशी. मले दिसलं."

मी थैली जागेवर ठेवली. तेवढ्यात साहेबांचा फोन. "पोचलात का? फोटो पाठवा."

"साहेब, मासे जगले तर पाठवते," म्हणून मी फोन ठेवला.

संजूने जॅकखाली सपाट दगड सरकवला आणि एकदाचं चाक बदललं. पुढच्या नाल्यावर गाडी थांबवली. गाडीच्या मागच्या हौद्यात ताडपत्री पसरून, बादल्यांनी नाल्याचं पाणी भरून आम्ही तळंच केलं. थैल्या आधी तशाच तरंगत ठेवल्या. एकदम गार पाणी लागलं तर पिल्लं दगावतात. मग थैल्यांची तोंडं सोडून पिल्लं त्या पाण्यात ओतली. थैलीतला ऑक्सिजन आता गेलाच. हाताने पाणी उडवत राहिलं की हवा मिसळते, म्हणून मथुराबाई आणि मी पदर खोचून मागेच बसलो.

दोन वळणं गेलो नाही तोच रस्त्यात गव्यांचा कळप. जंगलात हॉर्न वाजवायला मनाई.

"संजू, बाजूने काढ ना!"

"मॅडम, तेच आपल्याले काढतीन."

एक धिप्पाड गवा आमच्याकडे बघतच राहिला. दोन बाया गाडीत बसून पाणी का बडवताहेत, हे त्यालाही उमगलं नसावं.

"हात थांबवू नोका," मथुराबाई कुजबुजल्या. "पाहू द्या त्याले."

पाहून झाल्यावर गवा झाडीत शिरला आणि त्याच्यामागे बाकीचे.

गावात तलावाच्या पाळीवर बायका हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या. आमचा अवतार बघून एकजण म्हणाली, "अध्यक्षबाई, गाडीतच आंघोळ करून आल्या काय?"

थोडी बोटुकली दगावली होती. बाकीची तलावात सोडताच सरसर पळाली. मला इतका आनंद झाला की मी चप्पल घालूनच पाण्यात उतरले. मथुराबाईंचे डोळे भरले होते.

"चुकलं माहं, मॅडम. आता तरी घालू काय कोंडा?"

"आता घाला. पोटभर घाला."

परत आल्यावर मी केंद्रावर 'पॅकिंगआधी खाऊ घालू नये' अशी पाटी लावली. ती कोणी वाचत नाही. म्हणून आता माल न्यायला आलेल्यांना आधी पोटभर पोहे देते आणि मगच पॅकिंगला घेते. तेव्हापासून पाण्यात कोंडा पडलेला नाही. भरल्या पोटाला दुसऱ्याची भूक दिसत नाही. एरवी ही वाईटच गोष्ट, पण आमच्या धंद्यात फार सोयीची.