वाचल्याशिवाय सही न करणारा

सोलापुरात एका सहीला सगळ्यात जास्त वेळ लावणारा माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी माझ्या शेजारच्या मागावरच्या गड्याकडं बोट दाखवीन. टॉवेलच्या कारखान्यात बावीस वर्षं त्याचा माग माझ्या मागाला लागून. त्याच्या घरी तेलुगू, बाहेर आमच्यासारखंच मराठी. मला तो त्यांच्या पद्धतीनं 'बावा' म्हणतो, म्हणजे मेव्हणा. नातं काही नाही, पण हक्क मेव्हण्याचाच. कागद दिसला की वरून खालपर्यंत वाचणार, उलटून मागं बघणार, आणि सही केल्यावर खालच्या मोकळ्या जागेवर रेघ मारणार, नंतर कुणी काही घुसडू नये म्हणून. पोरीच्या लग्नाच्या यादीवरही त्यानं अशीच रेघ मारली. भटजी म्हणाले, "अहो, तिथं कुंकू लावायचंय." हा म्हणाला, "रेघेवर लावा की." बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यातला चार पानी कागद वाचत बसला, तेव्हा ती स्ट्रेचरवरूनच म्हणाली, "अहो, मला आत जाऊ द्या, मग वाचा निवांत."

त्याचं दुसरं वेड पंधरा दिवसांचं. कामावरून कमी केलं तर भरलेल्या दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार, वर महिन्याची नोटीस नाहीतर महिन्याचा पगार, आणि पाच वर्षं झाली असली तर ग्रॅच्युइटी वेगळी, हे त्याला आरतीसारखं पाठ. गिरणी बंद पडली त्या दिवशी त्याचा बाप नुसता रिकामा डबा घेऊन घरी आला होता, तेव्हापासूनचं हे पाठांतर. कुणालाही कुठूनही काढलं की हा हिशेब मांडणार. गल्लीतल्या एका घरानं बारा वर्षांच्या गवळ्याला बंद करून पिशवीचं दूध लावलं, तर हा त्यांच्या दारात. "बारा वर्सं झाली. एकशेऐंशी दिवसांचं देणं निगतं तुमच्याकडं." त्यांनी दार लावून घेतलं. गवळी मात्र त्या दिवसापासून याच्या घरी बिनपाण्याचं दूध घालायला लागला. आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच.

मग मालकानं नवे माग आणले. एकच माणूस आठ माग बघणार. आम्हा चौदा जुन्या गड्यांना एका दुपारी आवारात मांडव घालून बोलावलं. फेटे, शाली, नारळ, फोटोवाला. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या डोक्याला फेटा चढला. मालकानं सहीसाठी स्वतःच्या खिशातलं पेन काढून दिलं. कागद इंग्रजी. मी तो डोळ्यांपुढं धरला, तीनदा मान हलवली आणि सही ठोकली. फोटो लई झकास आला.

त्याची पाळी आली आणि तो वाचायला लागला. इंग्रजी त्यानं पोरीच्या पुस्तकांवरून शिकून घेतलेलं, त्यामुळं अक्षर अक्षर लावत. मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, भजी निवाली की." अर्ध्या तासानं त्यानं मान वर केली. "मालक, हितं लिवलंय, मी माज्या मर्जीनं काम सोडलं आन् माजं कायबी येणं न्हाय. ही मर्जी मला कवा झाली?" शाल घडी करून परत दिली. नारळ तेवढा ठेवून घेतला. म्हणाला, "ह्यो देवाचा हाय."

महिन्याभरात त्याचा पैसा बिनबोभाट आला. आम्हा तेरा जणांकडं शाली. एप्रिलातल्या सोलापुरात त्या पांघरण्याचीही सोय नव्हती.

रोज सकाळी तो माझ्या दारात. "चल बावा, कामगार अधिकाऱ्याकडं अर्ज देऊ."

"मालकानं मान केला माझा. आता भांडू?"

"मान झाला की. पगार कुटं झाला?"

"मी हात पसरणार न्हाय."

"कोण पसर म्हनतंय? बावीस वर्सं उबा ऱ्हायलास, त्येचं हाय ते."

मी हटलो नाही. खरं दुखणं वेगळंच होतं. कागद मला वाचता आला नाही, असं अधिकाऱ्यापुढं सांगावं लागणार होतं. माझी शाळा चौथीत संपली, पण इंग्रजी कागदापुढं मान हलवायची मी कधी सोडली नव्हती. घरच्यांपुढंसुद्धा. शेवटी बायकोच म्हणाली, "किराणावाला फोटो घेतो का, विचारून या."

गेलो. अर्ज दिला. सुनावणीच्या दिवशी मालकाच्या माणसानं कामगार अधिकाऱ्याच्या टेबलावर तोच फोटो ठेवला. फेट्यातला मी, कागद वाचताना. "साहेब, पूर्ण वाचून सही केलीय यांनी." माझ्या गड्यानं फोटो उचलला, वरून खालपर्यंत बघितला, उलटून मागंही बघितलं. मग म्हणाला, "सायेब, चष्मा बगा की. खिशात हाय. त्येच्याबिगर ह्याला ताटातली भाकरी दिसत न्हाय, वाचतोय कसला." साहेब हसले. मला म्हणाले, "चष्मा नव्हता म्हणून वाचलं नाही, असं लिहू?"

माझी अब्रू त्यानं अलगद झाकली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. पण बाकीचे बारा जण डोळ्यांपुढं आले. त्यातल्या निम्म्यांना चष्माच नाही. त्यांनी काय सांगायचं?

म्हणालो, "चष्मा असता तरी वाचता आलं नसतं. मला इंग्रजी येत न्हाय. मालकावर भरवसा ठेवून सही केली. तसंच लिहा."

बाहेर आल्यावर तो माझ्यावरच उखडला. "एवडा चांगला चष्मा काडून दिला हुता, बावा."

दोन तारखांनंतर मालकानं मिटवलं. तेरा जणांचे पैसे आले. त्याला मात्र कुठंच काम मिळेना. "आता मालक लोक मलाच वाचून बगत्यात," म्हणतो आणि स्वतःच हसतो.

संध्याकाळी मी त्याच्याकडं जाऊन बसतो. मागांच्या खडखडाटात बावीस वर्षं आम्ही खुणांनीच बोललो. दोन बोटं म्हणजे चहा, कान धरला म्हणजे मालक आला, मूठ वर केली म्हणजे धागा तुटला, ये. आता घरात पंख्याचा तेवढा आवाज. बोलायला मोकळीक आहे, तर काय बोलावं ते सुचत नाही. काल काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यानं मूठ वर केली. मी उठून उभासुद्धा राहिलो. त्याची बायको आतून विचारत होती, कुठं निघालात म्हणून.