होडीच्या फळीची फ्रेम

आमच्या घरात भिंतीवर तीनच गोष्टी लागत: देव, वारलेली माणसं आणि कॅलेंडर. त्यामुळे बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सावंतवाडीच्या एका प्रदर्शनातून मी एक चित्र आणलं, तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "ही कोण गो? कोण गेला आपल्यातला?"

लाकडावर कोरून, शाई लावून कागदावर छापलेलं चित्र. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई पाठमोरी चालली आहे. अशा मोजक्याच प्रती काढलेल्या, त्यातली माझी सातवी. खाली कोपऱ्यात तो आकडा आणि चित्रकाराची सही, दोन्ही पेन्सिलीने. आई आयुष्यभर आचऱ्याच्या बाजारात मासे विकत आली. तिने चित्र हात लांब करून बघितलं.

"तोंड काय दाखवल्यान नाय," ती म्हणाली. "पण मान बघ कशी ताठ आसा. ही भाव उतरवची नाय."

फ्रेम करायला मालवणला जायचं म्हटल्यावर बाबा म्हणाले, "गरज नाय. मी करतंय."

त्यांची होडी त्याआधीच मोडली होती आणि ते दुसऱ्याच्या होडीवर जाऊ लागले होते. मोडलेल्या होडीची एकच चांगली फळी त्यांनी मागच्या पडवीत जपून ठेवली होती. समुद्राचं पाणी प्यालेल्या लाकडाला वाळवी लागत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मोडक्या होडीच्या फळीची बाकं होतात, दारं होतात. मग फ्रेम का नाही? बाबांनी फळी रंधली, कोपरे जुळवले, कागदावर थेट काच बसवली, मागे पुठ्ठा लावला आणि होडीतलेच तांब्याचे खिळे मारून ते आतून वाकवले. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते ती दाखवत. चित्र नव्हे, फ्रेम. मीही दाखवत असे. घरातली पहिली पदवीधर, तिने आणलेलं चित्र, बापाने केलेली फ्रेम. मला त्यात काहीच कमी वाटत नव्हतं.

यंदाच्या पावसात डाव्या बाजूने तपकिरी रेघ आत येताना दिसली. आधी बोटाच्या पेराएवढी. आठवड्याने दोन पेरं. पाठोपाठ खालच्या बाजूनेही.

त्यानंतर मला घरात एका जागी बसवेना. शाळेत शिकवायला जाण्याआधी बघायची, आल्यावर हातातली छत्री तशीच ठेवून बघायची. फ्रेम पश्चिमेच्या भिंतीवरून काढून मधल्या खोलीत लावली, मग कपाटावर उभी केली, मग पंख्याखाली आडवी. रेघ थांबली नाही.

"देवाकडे इतक्या येळा बघशीत तर पुण्य तरी मेळात," आई म्हणाली.

शेवटी एका सकाळी बाबा जाळी शिवायला किनाऱ्यावर गेल्यावर मी फ्रेम प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि एस.टी.ने मालवण गाठलं. फ्रेमवाल्याने काच बघितली नाही, चित्र बघितलं नाही. लाकडावरून अंगठा फिरवला.

"ताई, ही होडीची फळी काय?"

"हो."

"मग हिच्यात मीठ भरलंय. पावसात हवेतलं पाणी ओढते आणि कागदाला देते. त्यात कागद काचेला टेकलेला. मधे जाड पुठ्ठ्याची चौकट हवी होती, माउंट. म्हणजे कागदाला श्वास घ्यायला जागा राहते." त्याने सहीजवळ बोट ठेवलं. "इथे चिकटलाय बघा. आणखी एक पावसाळा गेला तर सही काचेवर राहील, कागदावर नाही."

मी विज्ञान शिकवते. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, हे दरवर्षी नववीच्या फळ्यावर लिहिते. मी मान खाली घालून विचारलं, "मग उघडायची कशी?"

"तोडायची. खिळे असे वाकवलेत जसं काय हिला बुडायची भीती होती. तोडू?"

मी नको म्हटलं आणि फ्रेम परत घेऊन आले. होडीतलं आता एवढंच बाबांकडे उरलं होतं. ते दुकानाच्या मागे तुकडे होऊन पडावं आणि मी घरी नुसता कागद न्यावा, हे मला जमेना. न तोडावं तर सही जाणार, मग हळूहळू ती बाईही.

बाबा दारातच भेटले. "खंय घेवन गेलेलस ह्या?"

"काच पुसूक."

"काच घरात पुसूक येना नाय?" एवढं म्हणून ते जेवायला बसले.

चार दिवस मी गप्प राहिले. वर्गात शिकवताना मधेच थांबायची. मी तोंडावर बोलणारी बाई, मुख्याध्यापकांनाही बोललेय. आणि बापाला एक वाक्य सांगता येईना. पाचव्या दिवशी रेघ टोपलीच्या कडेला पोचली, तेव्हा मी पडवीत जाऊन उभी राहिले.

"बाबा, फ्रेम उघडूक होयी."

"कित्याक?"

"लाकडातला मीठ कागदाक खाता."

त्यांनी फ्रेम मांडीवर घेतली. कडेवरून हात फिरवला.

"माका वाळवीचा ठावक होता," ते म्हणाले. "कागदाचा खंय ठावक? पण तू तर पोरांका शिकवतस."

"माकाव सुचला नाय."

"मगे बरा झाला. दोघंय ढ." आणि वाकवलेले खिळे चाचपत, "काच पुसूक मालवणाक गेलेलस, ना? चार दिस कित्याक घालवलस गो?"

त्यांनी पक्कड आणली आणि एकेक खिळा सरळ करत उपसला. फ्रेम न मोडता चार बाजूंना सुटली. कागद मात्र सहीपाशी काचेला धरून होता. मी ओढू नका म्हटलं. ते ओढणार नव्हतेच. त्यांनी तंगूस आणला, गळाला बांधायची नायलॉनची बारीक दोरी. दोन्ही हातांत ताणून ती काच आणि कागदाच्या मधे घातली आणि जाळ्यातून मासा सोडवावा तशी हलक्या हाताने पुढेमागे सरकवत नेली. काचेवर नखाएवढा कोरा कागद राहिला. सही आणि सातचा आकडा माझ्या हातात आले.

आता चित्र दोन टिपकागदांच्या मधे कपाटात आडवं आहे. टिपकागद मी दर रविवारी बदलते. हवा कोरडी होईपर्यंत काचेखाली बंद करू नका, असं मी परत गेले तेव्हा फ्रेमवाल्याने सांगितलं. त्याने दुसऱ्या लाकडाच्या पट्ट्याही दाखवल्या. मी नंतर बघू म्हटलं, कारण बाबांनी फ्रेमचे चार तुकडे विहिरीच्या पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवून ठेवलेत आणि रोज पाणी बदलतात. मीठ निघून जाईल म्हणतात. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, कदाचित सगळं नाही जाणार.

"नाय तर नाय. तू तपास. इतक्या शिकलंस कित्याक?"

म्हणून दर शनिवारी मी पिंपातलं पाणी बाटलीत भरून शाळेच्या प्रयोगशाळेत नेते. दोन परीक्षानळ्या: एकीत पिंपातलं, दुसरीत नुसतं विहिरीचं. दोन्हींत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकते. मीठ जितकं जास्त, तितकं पाणी दुधाळ होतं. ज्या दिवशी दोन्ही नळ्या सारख्या दिसतील, त्या दिवशी बघू. लाकूड तोवर वाकेल का, फाटेल का, मला माहीत नाही, आणि हा विचार मला आठवडाभर सोडत नाही.

शनिवारी बाबा दारात बसलेले असतात.

"कसां?"

"पांढरा."

"गेल्या वेळेपेक्षा?"

"कमी."

ते उठतात आणि पिंप कलंडवतात.