फोनवरचा मुकादम

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर लॉन्ड्री आहे आणि तिथे इस्त्री करणाऱ्याला सगळे मुकादम म्हणतात. हुद्द्यानं नव्हे, स्वभावानं. जिन्यात कुणाची चप्पल वाकडी दिसली तरी हा तिच्या धन्याला हाक मारून ती सरळ करायला लावणार. माझा उभा जन्म नाटकात गेला, दिग्दर्शक पोत्यानं पाहिले. पण न विचारता दिग्दर्शन करणारा हा एकटाच.

त्याची आई साता समुद्रापलीकडे, त्याच्या जन्मगावी. तिला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा "दोन महिन्यांत येतो" म्हणून हा गेला. म्हातारी अंथरुणातून उठेना. हा तिला भरवत, पुसत, कुशीवर वळवत राहिला आणि बघता बघता दोन वर्षं उलटली. तिला शेवटचं पोहोचवून परतला, तर अधिकाऱ्यांनी विमानतळावरच अडवला. इतका काळ बाहेर होतात, म्हणजे इथलं बिऱ्हाड मोडलंत. कायम राहण्याचा परवाना रद्द का करू नये, ते सुनावणीला साहेबांसमोर येऊन सांगा. साहेबांना पटलं नाही, तर गाशा गुंडाळायचा.

"घाबरू नकोस, मी तालीम घेते," मी म्हटलं. माझ्या खोलीत खुर्ची मांडली आणि मी साहेब झाले.

"इतके दिवस का राहिलात?"

"आई आजारी होती."

"अरे, बस चुकल्यासारखं काय सांगतोस? 'आई' म्हण, थांब, खाली बघ, रुमाल काढ, मग पुढे."

"ताई, खुर्ची जरा उजेडात घ्या. आणि साहेब असे फतकल मारून बसत नाहीत."

साहेबालाच बसायला शिकवणाऱ्यापुढे मी हात टेकले.

सुनावणीला लॉन्ड्रीच्या मालकीणबाई साक्षीदार म्हणून आल्या आणि मी सोबत म्हणून. खोली लहान, पंखा कुरकुरणारा, साहेब चष्मा कपाळावर चढवून बसलेले.

"इथे परत यायचंच होतं, याला आधार काय?"

आमचा मुकादम वळून माझ्याकडे बघू लागला. मी मागून खाकरले. त्यानं रुमाल काढला खरा. पण घडी विस्कटलेली दिसली, तेव्हा मांडीवर ठेवून ती नीट करत बसला. मी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात मालकीणबाईंचा बांध फुटला. "आधार कसला विचारता साहेब? हा गेलाच कधी? रोज दुकान उघडलं की ह्याचा फोन! बाई, कॉलर टोकांकडून आत दाबताय ना? बाई, माझ्या टेबलाची उंची कुणी बदलली नाही ना? ह्याच्या जागी माणूस ठेवला, तर त्यालाही फोनवर शिकवणी! तो महिन्यात पळाला, दुसरा आठवड्यात. शेवटी मी स्वतः इस्त्री धरली. हे चटके बघा!"

साहेब मुकादमाकडे वळले. "खरं आहे हे?"

"रोज नाही साहेब," तो पुटपुटला. "सुट्टीच्या दिवशी नाही करायचो."

साहेबांनी हसू दाबलं. बाईंचा आवाज मात्र खाली आला.

"एकदा ह्याच्या आईनंच फोन केला होता. जीभ जड झालेली बिचारीची, एकेक शब्द ओढून काढत होती. म्हणाली, पोरगा माझ्याकडे उसना आलाय. माझं आटोपलं की परत पाठवते. तोवर त्याची जागा कुणाला देऊ नका."

साहेबांनी चष्मा नाकावर घेतला, बराच वेळ लिहीत राहिले.

"परवाना राहील," ते शेवटी म्हणाले. "पुढच्या वेळी मुक्काम लांबणार असेल, तर आधी कळवून जा."

"पुढची वेळ नाही साहेब. आई एकच होती."

बाहेर बोळात आलो. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. पण मुकादम बाईंवर डोळे वटारून उभा.

"आई असं म्हणाली? आणि मला इतके दिवस बोलला नाहीत?"

"कधी बोलणार? फोनवर दुसऱ्याला तोंड उघडू दिलंस का कधी?"

तो काहीतरी सुनावायला गेला आणि थांबला. मग भिंतीलगतच्या बाकावर बसला, बाईंसाठी जागा केली आणि लहान पोरासारखा म्हणाला, "अजून काय म्हणाली? पहिल्यापासून सांगा. मी मधे बोलत नाही."